'डिसेंट वर्क'ला सोलापुरात काय म्हणायचं?

प्रश्नावलीवाली | ११ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार. चार वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

अर्थशास्त्रात पीएचडी चालू आहे. विषय सोलापूर शहरातल्या विडी आणि यंत्रमाग कामगार बायका. चौकट संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांपैकी ८व्या ध्येयाची, म्हणजे 'डिसेंट वर्क' आणि आर्थिक वाढ. हा शब्द आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९९ मध्ये पुढे आणला, हुआन सोमाविया महासंचालक असताना. त्याचे चार पाय सांगतात: रोजगार, कामावरचे हक्क, सामाजिक सुरक्षा आणि मालक-कामगार-सरकार यांचं एकत्र बसून बोलणं. २०१५ मध्ये १७ ध्येयं ठरली तेव्हा तो त्यांत गेला. मराठीत बहुतेक ठिकाणी 'सन्मानजनक काम' असं लिहितात, मीही तेच लिहिलं.

माझ्या प्रश्नावलीतला १४वा प्रश्न: "आपले सध्याचे काम आपणास कितपत सन्मानजनक वाटते? १ ते ५ मध्ये सांगा."

मंगळवारी पहिल्यांदा विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत गेले. एका मावशींनी हातातली विडी खाली न ठेवता विचारलं, "सन्मान म्हंजे? शाल-नारळ देतात तो? आम्हाला कोन दिलं बाई." शेजारच्या दोघी खो खो हसल्या, मीही हसले. पुढच्या तीन घरांत तो प्रश्न विचारलाच नाही, सरळ ३ लिहून टाकलं. (माझ्या गाइडना कुणी सांगू नका.)

तर प्रश्न असा: तुमच्या घरात, गल्लीत 'चांगलं काम लागलं' म्हणतात तेव्हा नेमकं काय अभिप्रेत असतं? कुठला शब्द वापरतात? आणि हे विचारायचं कसं?

बाळीवेस | ११ जानेवारी, रात्री ९.५८

सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा तोंडावर आलाय, अख्खं गाव नंदीध्वजाच्या तयारीत, आणि ताई १ ते ५ विचारत हिंडूलालेत. मानलं.

हुतात्मा_डी३ | ११ जानेवारी, रात्री १०.१५

आमच्या घरात 'चांगलं काम' म्हणजे पुण्यात असलेलं काम. बाकी व्याख्या नाही. मी हिंजवडीत, भाऊ चाकणला, बहीण भोसरीला. आईच्या लेखी तिघांचंही चांगलं चाललंय. भाऊ कंत्राटी आहे, दर अकरा महिन्यांनी त्याचं कार्ड बदलतं, हे तिला ठाऊक नाही.

पूर्वभाग | ११ जानेवारी, रात्री १०.५१

ताई, तुम्ही मराठीत विचारलात तिथंच गणित चुकलं. विडी वळणाऱ्या निम्म्याअधिक बायकांच्या घरात तेलुगू बोलतात. मराठी फक्त ब्रँचमध्ये (वळलेल्या विड्या जमा करायच्या तिथं), रेशन दुकानात आणि तुमच्यासारख्या मॅडम आल्यावर. आमची अम्मा चाळीस वर्षं विड्या वळली. तिला आत्ताच विचारून आलो. म्हणाली, "मंची पनी" म्हणजे चांगलं काम, त्यात काय विचारायचं? मग म्हटलं, सन्मान असलेलं काम? तर म्हणाली, "मर्यादा उन्न पनी."

तेलुगूत मर्यादा म्हणजे मान, अदब. कानडीतही तेच.

प्रश्नावलीवाली | ११ जानेवारी, रात्री ११.०४

अय्यो! आणि मराठीत मर्यादा म्हणजे हद्द, सीमा. 'मर्यादा असलेलं काम' असं छापलं तर लोक म्हणतील किती तास ते विचारतेय.

साखरपेठ | ११ जानेवारी, रात्री ११.२०

मग विचारा की! मला तर दोन्ही अर्थ एकच वाटायला लागलेत. ज्या कामाला संपायची वेळ नाही त्याला मान कुठला? नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हाच्या मागण्या बघा. आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. जिनिव्हात शब्द सापडायच्या शंभर वर्षं आधी आपल्याकडं गोष्ट चालू होती, फक्त तिला शब्द नव्हता.

आणि विडीचं काम घरात आलं की तीच मर्यादा पुसली जाते. कारखान्याला भोंगा असतो, घराला नसतो.

टॉवेलवाले | १२ जानेवारी, सकाळी ८.१०

सगळे कामगाराच्या बाजूनं लिहिणार हे माहीत होतं, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझे १२ माग. आजोबांनी हातमागावर सुरुवात केली. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, कागद फ्रेम करून भिंतीवर लावावा एवढाच त्याचा उपयोग. पानिपतवाला हलक्या सुतात आमचंच मोराचं डिझाइन मारतो आणि वर 'सोलापुरी' छापून निम्म्या भावात विकतो. गिऱ्हाईक हात लावून बघत नाही, भाव बघतो. विजेचं बिल, सुताचा भाव, उधारी. आज कामगाराला महिन्याचा पगार बांधून दिला तर मार्चमध्ये मला शटर ओढावं लागेल. म्हणून नगावर मजुरी.

आणखी एक. पीएफ कापतो म्हटलं की कामगारच हात जोडतो, "शेठ, कापू नका, हातात द्या." प्रश्नावलीत हे पण येऊ द्या.

जॉबरचा_मुलगा | १२ जानेवारी, सकाळी ९.३२

शेठ, तुमच्यावर राग नाही, १२ मागवाला स्वतःच अर्धा कामगार असतो. पण माझे वडील ३१ वर्षं जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे होते, ते तुमच्यापेक्षा मोठ्या मालकाकडं. एकच शेड, एकच गेट, एकच चहावाला. पाट्या तीन. मालकाची एक, बायकोच्या नावाची एक, मेव्हण्याची एक. प्रत्येक पाटीखाली १९ माणसं. पीएफचा कायदा २० पासून लागतो हे आम्हाला शाळेत नाही, त्या गेटवर कळलं.

वडील निवृत्त झाले, म्हणजे एके दिवशी गुडघे चालेनात म्हणून जायचे थांबले. हातात शून्य. कानानं आता कमी ऐकू येतं, मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलं. घरात टीव्ही फुल आवाजात.

आणि आई विडी कामगार. तिच्याकडं विडीचं कार्ड आहे, पीएफ निघाला, पेन्शन येतं. १००० रुपये, तेही २०१४ मध्ये किमान ठरलं म्हणून, पण दर महिन्याला येतं. ब्रँचमध्ये तिच्या नावाचं पान होतं. वडिलांच्या नावाचं पान कुठल्याच वहीत नव्हतं. आता सांगा, कुणाचं काम सन्मानजनक?

कडकभाकरी | १२ जानेवारी, सकाळी ९.४५

वरचा प्रतिसाद वाचून गप्प झाले.

अर्थशास्त्री_अर्धवेळ | १२ जानेवारी, दुपारी १.१७

संशोधनाचा खरा गाभा हाच आहे, धागाकर्तीनं खाली अधोरेषा मारून ठेवावी. तंबाखूची धूळ, पाठ-मान, तुटपुंजी मजुरी या कसोट्यांवर विडीचं काम वाईट. सोडता आलं तर कुणीही सोडेल. पण सामाजिक सुरक्षेच्या कसोटीवर ते शेजारच्या यंत्रमागापेक्षा, शिलाईपेक्षा उजवं निघतं. कारण काय? १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा, १९७६ चा कल्याण निधी आणि सोलापुरात अनेक दशकं रस्त्यावर असलेली युनियन. कुंभारीजवळचं गोदूताई परुळेकर घरकुल, १०,००० घरांचं, बायकांच्या नावावर, ते काही आर्थिक वाढीच्या दरातून आपोआप झिरपलेलं नाही. पुढं रे नगरची ३०,००० घरांची योजना झाली, त्यातल्या १५,००० च्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांनी दिल्या. मागं युनियनचे नेते आडम मास्तर आणि असंघटित कामगारांच्या संस्था. राजकारण पटो न पटो, 'मालक-कामगार-सरकार बोलणं' हा चौथा पाय इथं विटांमध्ये दिसतो.

आता उलट बाजू. २०१७ मध्ये जीएसटी आला, विडीवरचा उपकर गेला, म्हणजे कल्याण निधीचा स्वतःचा झराच आटला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात, १९६६ चा कायदा त्यांत विरघळला. विडीवालीचं पान आता कुठल्या वहीत, हे प्रश्नावलीत असायलाच हवं.

बाळीवेस | १२ जानेवारी, दुपारी १.३०

सर, 'अर्धवेळ' म्हणजे? दुपारी एकला एवढा मोठा प्रतिसाद लिहायला वेळ मिळतो म्हणून विचारलं.

अर्थशास्त्री_अर्धवेळ | १२ जानेवारी, दुपारी १.४१

तासिका तत्त्वावर आहे. एक ते दोन तास नाही, म्हणून पैसेही नाहीत. फुकट ज्ञान घ्या.

प्रश्नावलीवाली | १२ जानेवारी, दुपारी ४.०५

सर, मीही सीएचबीच, म्हणजे तासिका तत्त्वावरच. एका महाविद्यालयात, सहावं वर्ष. मे महिन्याचं काही मिळत नाही, दिवाळीचं मानधन होळीला येतं. घरकुलातल्या एका मावशींनी मला विचारलं, "तुला किती देतात?" मी सांगितलं. मग त्यांनी चहा टाकला. माझ्यासाठी, दयेनं.

हुतात्मा_डी३ | १२ जानेवारी, दुपारी ४.२०

ताई, १४व्या प्रश्नाला तुम्ही स्वतः किती देता?

प्रश्नावलीवाली | १२ जानेवारी, दुपारी ४.२२

३. 😐

अर्थशास्त्री_अर्धवेळ | १२ जानेवारी, सायंकाळी ५.००

अवांतर, पण मजेशीर. टाइम्स हायर एज्युकेशनची एक क्रमवारी निघते २०१९ पासून, विद्यापीठं शाश्वत विकास ध्येयांत कुठं बसतात यावर. ८व्या ध्येयासाठी फक्त शोधनिबंध मोजत नाहीत, संस्थेतले किती कर्मचारी पक्क्या करारावर आहेत हेही मोजतात. म्हणजे 'सन्मानजनक काम' यावर शोधनिबंध लिहिणारा सीएचबी एका रकान्यात संस्थेचे गुण वाढवतो आणि दुसऱ्या रकान्यात कमी करतो. देशभर हेच चित्र, कुणा एका संस्थेला नावं ठेवत नाही.

जुनी_चिमणी | १२ जानेवारी, रात्री ८.५०

मी सत्तरीचा. मुलांनो, तुम्ही विडी आणि यंत्रमागावरच अडकलात. सोलापूरला काम म्हणजे काय ते गिरणीनं शिकवलं. जुनी मिल १८७० च्या दशकातली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं. पगाराच्या दिवशी नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसे. १९३० साली मार्शल लॉ लागला त्या गावातले कामगार साधे नव्हते. गिरणीतल्या माणसाला मुलगी द्यायला लोक तयार असत, यापेक्षा सन्मान काय असतो? गिरण्या गेल्या आणि गावाचा कणाच गेला.

कडकभाकरी | १२ जानेवारी, रात्री ९.२२

काका, आदर ठेवून एक सांगते. आमचे आजोबाही गिरणीत होते, पण ते सेटलमेंटमधले. तारेच्या कुंपणाच्या आत राहायचं, हजेरी द्यायची, पास घेऊन गिरणीत जायचं, पास घेऊन परत. 'गुन्हेगार जमाती' म्हणून शिक्का. तो शिक्का मारणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. भोंगा आमच्या आजोबांनाही उठवायचा, पण त्यांना मुलगी द्यायला गाव तयार नव्हतं. सोलापूरच्या त्या भरभराटीत कुंपणाआडचे हातही होते. सर्वसमावेशक वाढ लिहिताना हे विसरू नका एवढंच.

जुनी_चिमणी | १२ जानेवारी, रात्री ९.४०

बरोबर आहे बाळ. आमच्या खात्यात सेटलमेंटची माणसं होती. त्यांच्याबरोबर डबा खाल्लेला नाही कधी. आज आठवलं.

उजनीकाठचा | १३ जानेवारी, सकाळी ७.१५

शहर सोडून बघा जरा. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, ऊसतोड चालूये आत्ता. तोडणीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याबरोबर. बाई पहाटे चारला मोळ्या बांधते, वाहनात चढवते, आणि वहीत अर्धा कोयता असते. तिला १ ते ५ विचाराल का?

साखरपेठ | १३ जानेवारी, सकाळी ८.०२

आकडेवारीतही तेच. सरकारचं श्रमबल सर्वेक्षण बघा. आठवड्यात एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी माणूस 'कामावर' धरला जातो. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारीही स्वयंरोजगारात जाते. आमच्या समोरची बाई शेंगा चटणी कुटून नवऱ्याच्या दुकानात देते, कागदावर ती उद्योजिका. रोजगार वाढला म्हणतात तेव्हा ती वाढलेली असते.

टॉवेलवाले | १३ जानेवारी, सकाळी १०.४०

जॉबरच्या मुला, तीन पाट्यांचं खरं आहे. मीही बघितलंय. पण एक विचार कर, मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, ८ जण गेले. मालकही गेले, कामगारही गेले. धूर पाटी वाचत नाही. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी केल्या. सुताचे गठ्ठे जिन्यातून हलवले आणि मागच्या भिंतीला दार पाडलं. खर्च झाला. पगार बांधून देणं जमत नाही, दार जमलं. हे संशोधनात कुठल्या रकान्यात बसतं?

जॉबरचा_मुलगा | १३ जानेवारी, सकाळी ११.०५

पहिल्या रकान्यात, शेठ.

हुतात्मा_डी३ | १३ जानेवारी, दुपारी १२.३०

मला एक कळत नाही. हे सगळं २०३० पर्यंत 'सर्वांना' मिळणार असं लिहिलंय ना? बालमजुरी तर २०२५ लाच संपणार होती.

अर्थशास्त्री_अर्धवेळ | १३ जानेवारी, दुपारी १.०९

होय, ८.७ वं लक्ष्य. २०२५ संपलं, बालमजुरी नाही. (आज एक ते दोन तास होता, मुलं गड्ड्याला गेली, तरी पैसे नाहीत.)

माझं मत विचाराल तर बाहेरून आलेल्या चौकटीत आपलं काम कोंबण्यापेक्षा आपल्या चौकटी बाहेर न्याव्यात. १९६९ चा माथाडी कायदा घ्या. हमालाचा मालक एक नसतो, आज हा व्यापारी, उद्या तो. म्हणून मंडळ काढलं, व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, पगार, पीएफ, सुट्टी मंडळाकडून. अनेक मालकांच्या कामगाराचं काय करायचं हा प्रश्न आज जगभर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांबद्दल विचारतात. नव्या संहितेत त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे असं आहे. कल्पना मार्केट यार्डातलीच. तसंच १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमी, वि. स. पागे यांची. नंतर देशानं २००५ मध्ये कायदा केला. एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ असलेलं हे गाव. इथून असा एक तरी विचार बाहेर जावा.

बाळीवेस | १३ जानेवारी, दुपारी १.२०

सर, तुम्हाला कुणीतरी पूर्णवेळ करा बे.

संपादक | १३ जानेवारी, दुपारी २.००

माथाडी मंडळातल्या अलीकडच्या भांडणांवरचे तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा. मूळ प्रश्न शब्दाचा होता.

पूर्वभाग | १३ जानेवारी, रात्री १०.१०

अक्षता सोहळा बघून आत्ता आलो. संपादकांनी आठवण केली म्हणून मूळ प्रश्नाकडं. अम्माला धागा वाचून दाखवला, मराठीतून तेलुगूत करत करत. तिला १९ माणसांची पाटी फार आवडली, तीनदा सांगायला लावलं.

मग म्हणाली, तुझ्या त्या मॅडमला सांग, आकडे विचारू नको. आम्ही काय गणितात पास व्हायला बसलोय का. ही दोन विचार म्हणावं:

एक, "ब्रँचमध्ये छाट किती निघते, आणि छाट काढलेल्या विड्या कुणाच्या होतात?" (छाट म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या.)
दोन, "तू आजारी पडलीस त्या दिवशी विड्या कोण वळतं?"

दुसऱ्या प्रश्नाचं तिचं उत्तर मला माहीत आहे. माझी मोठी बहीण. तिसरीपासून.

प्रश्नावलीवाली | १३ जानेवारी, रात्री १०.४८

दादा, अम्मांना माझा नमस्कार सांगा.

बालमजुरीवर माझ्याकडं वेगळा विभाग आहे. "घरातील १४ वर्षांखालील मूल कामात मदत करते का? होय/नाही." आतापर्यंत सगळ्या घरांत 'नाही'. मला वाटलं होतं, वा, हे एक तरी चांगलं निघालं.

साखरपेठ | १३ जानेवारी, रात्री ११.००

'होय' कोण सांगेल? कार्ड जाईल या भीतीनं. 'आजारी पडलीस तर' म्हटलं की बाई सहज बोलून जाते. मात्र मग ते उत्तर कागदावर कुणाच्या नावापुढं लिहिणार, याचा आधी विचार करा. युनियनचं नाही आणि मालकाचं नाही, ते तुमचं ओझं.

प्रश्नावलीवाली | १६ जानेवारी, सायंकाळी ७.३०

गाइडना भेटले. आधी ३ वाल्या तीन घरांचं कबूल केलं. ते फॉर्म रद्द, पुन्हा जायचंय. १ ते ५ ठेवावंच लागणार, नाहीतर तक्ते होत नाहीत म्हणाले. पण १४ (अ) आणि १४ (ब) म्हणून अम्मांचे दोन्ही प्रश्न घेतले, उत्तर त्यांच्या शब्दांत लिहायचं, आणि त्या पानावर नाव-पत्ता नाही, फक्त क्रमांक. 'सन्मानजनक' शेजारी तेलुगूत 'मर्यादा' लिहून घेतलंय. तेलुगू लिपी येणारं कुणी तपासून देईल का? गुरुवारी घरकुलात जायचा विचार आहे.

पूर्वभाग | १६ जानेवारी, सायंकाळी ७.४४

मी तपासतो, फोटो पाठवा. गुरुवारी नका जाऊ, गुरुवारी पाणी येतं. कुणी बोलणार नाही. शुक्रवारी या, अम्मा बरोबर येते म्हणते.

बाळीवेस | १६ जानेवारी, सायंकाळी ७.५०

आणि शुक्रवारी चहा तुम्ही पाजा ताई. मानधन आलं असेल तर.